पेंग्विन म्हणतो, ‘लय भारी!’

मित्रांनो, बोलणारा पोपट तुम्ही पाहिला असेल. गोष्टीतला बोलणारा कोल्हाही तुमच्या ओळखीचा असेल. पण बोलणारा पेंग्विन? तो आमच्या शाळेत आहे! हसू नका. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या गावात हा बर्फातला पक्षी आला कुठून, तेच तर सांगायला बसले आहे.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी आमच्या गुरुजींकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवतो त्या खोलीत एक जुना संगणक आहे. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने तो मुंबईहून आणून दिला. बिचारा इतका थकलेला, की नवीन काही चालवायला घेतले की धापा टाकायचा. मग पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला आणि त्याने त्यावर ‘डेबियन’ घातले. डेबियन म्हणजे संगणक चालवणारी मूळ यंत्रणा, लिनक्सच्या घराण्यातली. इयान मर्डॉक नावाच्या एका विद्यार्थ्याने १९९३ साली ती सुरू केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, दोघांची नावे जोडून झाले डेबियन. आहे की नाही गंमत?

या डेबियनवर आम्ही ‘टक्स पेंट’ घेतले. हा लहान मुलांसाठी केलेला चित्रे काढायचा प्रोग्राम. बिल केंड्रिक यांनी २००२ साली तो सुरू केला आणि मग जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. डावीकडे हत्यारे, उजवीकडे ब्रश आणि शिक्के, खाली रंग. आणि सगळ्यांत खाली बसलेला असतो आपला पेंग्विन, टक्स! तो काय करायचे ते सांगतो आणि मध्येच शाबासकीही देतो. मराठीतसुद्धा, बरं का! कुणीतरी वेळ काढून त्याची वाक्ये मराठीत करून ठेवली आहेत.

आता या गोष्टीतली खरी नायिका. ती चौथीत आहे. “बाई, माझं नाव छापू नगा,” असे तिने मला बजावले आहे, म्हणून आपण तिला चिमी म्हणू. चिमीचे आईवडील मेंढ्या घेऊन सहा-सहा महिने बाहेर असतात. ती आजीजवळ राहते. चित्रे अशी काढते, की मेंढीच्या अंगावरची लोकर हाताला लागावी!

पण चिमी वर्गात बोलत नव्हती. का, ते सांगायला मला लाज वाटते, तरी सांगते. ही २०२४ सालची गोष्ट. जुलैमध्ये एकदा ती धावत येऊन म्हणाली, “बाई, पानी आलंया!” मी म्हटले, “पानी नाही, पाणी. आलंया नाही, आलंय. पुन्हा म्हण बघू.” तिने पुन्हा म्हटले, पुन्हा ‘पानी’च आले, आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले असेन. त्यानंतर चिमी माझ्याशी मान हलवून बोलायला लागली. हो म्हणायला वर-खाली, नाही म्हणायला डावी-उजवी. मला वाटले, मोठी झाली, शहाणी झाली. काय माझी अक्कल!

ऑगस्टमधल्या एका शनिवारी तिची संगणकावर बसायची पाळी होती. तिने शिक्का उमटवला, पेंग्विन खूश होऊन काहीतरी बोलला. चिमी त्याच्याकडे बघत राहिली. मग महिन्याभरात पहिल्यांदा ती मला आपणहून म्हणाली,

“बाई, ह्यो आपल्यावानी का न्हाय बोलत?”

“आपल्यावानी म्हणजे कसं गं?”

“लय भारी, आसं.”

मी काहीच बोलले नाही. मित्रांनो, शिक्षकांनाही कधी कधी उत्तर येत नाही. पण घरी जाताना एस.टी.त तो प्रश्न माझ्याबरोबर बसून आला. खरंच, का नाही बोलत?

पुढच्या सोमवारी मी वर्गाला विचारले, “आपण पेंग्विनला आपलं बोलणं शिकवायचं का?” सगळे ओरडले, “हो!” चौथीतला एक मुलगा तेवढा गंभीर झाला. “बाई, दुसऱ्यानं केलेलं आपण बदलायचं? मार नाही का मिळणार?”

प्रश्न अगदी बरोबर होता. दुसऱ्याच्या वहीत न विचारता लिहू नये, हे मीच शिकवलेले. पण टक्स पेंटच्या बाबतीत परवानगी आधीच दिलेली आहे. ‘जीपीएल’ नावाचा एक परवाना असतो. तो १९८९ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिला. या परवान्याखाली दिलेला प्रोग्राम कुणीही वापरावा, उघडून बघावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा. अट एवढीच, की बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर त्याचे मूळ लिखाणही द्यायचे, लपवून ठेवायचे नाही. याला म्हणतात मुक्त सॉफ्टवेअर.

मूळ लिखाण म्हणजे काय? थांबा, दिवाळीकडे जाऊ. दुकानातून तुम्ही चकलीचा पुडा आणलात. चकली कुरकुरीत आहे, पण फार तिखट आहे. आता त्या तळलेल्या चकलीतून तिखट बाहेर काढता येईल का? नाही येणार. तिखट कमी हवे असेल तर मागे जावे लागेल, भाजणीपर्यंत. संगणकाचा तयार प्रोग्राम म्हणजे तळलेली चकली. माणसाने लिहिलेल्या ओळी यंत्राला समजतील अशा आकड्यांत बदलून टाकलेल्या असतात, त्या पुन्हा वाचून बदलणे फार अवघड. माणसाने लिहिलेल्या त्या ओळी म्हणजे मूळ लिखाण, त्यालाच सोर्स म्हणतात. आणि त्या ओळींचे आकड्यांत रूपांतर करणारा आचारी म्हणजे कंपायलर. तेव्हा आम्हांला भाजणीपासून चकली करायची होती.

मी ठरवले, रविवारी घरीच माझ्या लॅपटॉपवर करून बघू. त्याच्यावरही भाच्याने डेबियनच घातलेले. टक्स पेंटचे सोर्स उतरवून घेतले, सोबतची माहिती वाचली आणि ‘मेक’ असा हुकूम दिला. दोन क्षणांत तक्रार आली: एसडीएल नावाची अमुक फाइल सापडत नाही. शोधून ती आणली. पुन्हा मेक. आता दुसरी सापडत नाही. तीही आणली. पुन्हा मेक, तिसरी नाही. अहो, दुपारचा स्वयंपाक राहिला, चहा दोनदा गार झाला, तरी यादी संपेना. चकल्या करायला बसावे आणि प्रत्येक वेळी नव्या जिन्नसासाठी वाण्याकडे धावावे, तशी माझी गत. आधी तीळ, मग ओवा, मग कळले की सोऱ्याच नाही!

यात गोंधळात पाडणारी गोष्ट तुम्हांला मुद्दाम सांगते, कारण मी तिच्यात तासभर फसले होते. एसडीएल माझ्या लॅपटॉपवर होते! टक्स पेंट त्याच्याच जिवावर पडद्यावर चित्र दाखवत होता. मग ‘सापडत नाही’ म्हणजे काय? तर अशा वस्तू डेबियनमध्ये दोन पुड्यांत येतात. एक पुडा प्रोग्राम चालवायला लागतो आणि दुसरा प्रोग्राम बांधायला लागतो. दुसऱ्याच्या नावाला ‘डेव्ह’ असे शेपूट असते. चकली खायला फक्त तोंड पुरते, करायला सोऱ्या लागतो. माझ्याकडे तोंड होते, सोऱ्या नव्हता.

शेवटी भाच्याला फोन लावला. तो हसला, मग म्हणाला, “अगं मावशी, हे सगळं हातानं कशाला करतेस? डेबियनला अ‍ॅप्ट आहे ना! त्यालाच सांग.”

अ‍ॅप्ट हा डेबियनचा पॅकेज मॅनेजर. मराठीत सांगायचे तर भांडारी. १९९९ साली आलेल्या डेबियनपासून तो कामावर आहे. माझ्याकडे आहे त्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीच्या भांडारात ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत, आणि कोणत्या पॅकेजला दुसरी कोणकोणती लागतात, याची चोख नोंद प्रत्येकाबरोबर ठेवलेली आहे. मागितलेली वस्तू एकटी द्यायची नाही, तिच्या साथीदारांसकट द्यायची, अशी या भांडाऱ्याची रीत. आजवर मी त्याच्याकडून तयार चकल्याच घेत होते. तो भाजणीही देतो, हे मला ठाऊकच नव्हते.

पण त्याआधी एक काम असते. अ‍ॅप्टने कुठून माल आणायचा, याची एक यादी संगणकात असते. तिच्यात तयार मालाच्या ओळीबरोबर सोर्सची ओळही असावी लागते. माझ्या यादीत ती नव्हती. ती घातली आणि ‘अ‍ॅप्ट अपडेट’ म्हणून भांडाऱ्याला नवी यादी वाचायला लावली.

आणि मग दिला हुकूम: ‘अ‍ॅप्ट बिल्ड-डेप टक्सपेंट’. म्हणजे, बाबा रे, टक्स पेंट बांधायला जे जे लागते ते सगळे आण. पडद्यावर भलीमोठी यादी आली. मी सकाळपासून हाताने शोधत होते ते सारे तिच्यात होतेच, शिवाय ज्यांची नावेही मला माहीत नव्हती असे कितीतरी. एकात तर माझा जीवच अडकला. त्याचे नाव पँगो. आपल्या लिपीत पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना अक्षराच्या आधी बसते, ‘र’ कधी डोक्यावर चढतो तर कधी पायाशी येतो. हे सगळे पडद्यावर नीट मांडण्याच्या कामात या पँगोचा हात असतो. पहिलीच्या मुलांना ‘कि’ आणि ‘र्क’ शिकवताना माझा घसा बसतो, म्हणून मला या पँगोविषयी फार आपुलकी वाटली! माझ्या मोबाइलचा त्या दिवसाचा डेटा संपत आला, पण सामान आले.

सोमवारी मी लॅपटॉप शाळेत नेला. ‘अ‍ॅप्ट सोर्स टक्सपेंट’ म्हटले आणि मूळ लिखाण उतरले. डेबियनवाल्यांनी ते बांधण्यासाठी लिहिलेल्या सूचनाही सोबत आल्या. मुलांना मी मुख्य फाइल उघडून दाखवली. वीस हजारांहून जास्त ओळी! “एवढं कुणी लिवलं?” “पुष्कळ जणांनी, थोडं थोडं.” आम्हांला मात्र तिथे हात लावायचा नव्हता. आमचे काम होते मराठी वाक्यांच्या फाइलमध्ये. तिच्यात वर इंग्रजी ओळ असते आणि खाली तिची मराठी. दोन्ही ओळी अवतरणचिन्हांत. पेंग्विनच्या शाबासकीच्या ओळी शोधल्या. इंग्रजीत त्या चार आहेत.

आता चार मराठी ओळी ठरवायच्या! वर्गात जी काय लढाई झाली म्हणता! शेवटी मते मोजली. पहिली आली अर्थातच ‘लय भारी!’ दुसरी ‘नाद खुळा!’ तिसरी ‘बेस झालं!’, ही एकाच्या आजोबांची. चौथी ओळ इंग्रजीत ‘असेच चालू ठेव’ अशा अर्थाची होती. तिला काही सुचेना. तेव्हा मागून हळूच आवाज आला, “आनि काड.”

चिमीच होती ती. म्हणजे, आणखी काढ.

माझी बोटे कळफलकावर होती. खरे सांगते, ‘ण’च्या कळीकडे बोट आपोआप वळले. बारा वर्षांची सवय! वर्गही माझ्याकडे बघत होता, बाई आता काय करतात म्हणून. मी चिमीला विचारले, “‘न’ लिहू की ‘ण’?” ती म्हणाली, “मी म्हनलं तसं.” मी लिहिले, ‘आनि काड!’

आणि हुकूम दिला बांधणीचा. त्याचे नाव ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज’, जरा जिभेला व्यायामच. पडद्यावर ओळी धावू लागल्या. मुले जत्रेतल्या पाळण्याकडे बघावे तशी बघत होती. आणि एकाएकी सगळे थांबले. चूक! फाइलचे नाव, ओळीचा आकडा आणि इंग्रजीत तक्रार, की ओळ संपली तरी वाक्य मिटलेले नाही. मी ती ओळ काढली. ‘नाद खुळा!’ दिसत होते. काय बिघडले होते त्यात? मी दोनदा वाचले, चारदा वाचले. शब्द बरोबर, उद्गारचिन्ह बरोबर.

“बाई,” चिमी पडद्याला बोट लावून सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाली, “तुमीच म्हंता, अवतरन उघडलं तर मिटवायचं. तुमी मिटवलंच न्हाय!”

वर्ग पुन्हा हसला. या वेळी मला हसला. शेवटचे अवतरणचिन्ह माझ्याकडून पुसले गेले होते.

ते मिटवले, बांधणी पुन्हा सुरू केली. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घुमायला लागला. मुलांनी पाढे म्हणून घेतले, एक गोष्ट झाली, आणि मग ओळी थांबल्या. बाहेरच्या फोल्डरमध्ये ‘डेब’ शेपटाचे एक ताजे पॅकेज तयार होते. पेन ड्राइव्हवरून ते शाळेच्या संगणकावर नेले आणि अ‍ॅप्टलाच सांगितले, की भांडारातले नको, हे इथले बसव. टक्स पेंट उघडला, चिमीने शिक्का उमटवला. पेंग्विन म्हणाला, “बेस झालं!” आजोबावाला मुलगा आनंदाने पोत्यावर चढला.

पेंग्विनच्या तोंडून ‘आनि काड!’ यायला मात्र सहा शिक्के लागले. कारण चारांतली कोणती ओळ बोलायची, ते तो चिठ्ठी उचलल्यासारखे ठरवतो. ती ओळ आल्यावर चिमी काही बोलली नाही. तिने आणखी काढले.

आता कुणी म्हणेल, बाई, हे शब्द टक्स पेंटवाल्यांना पाठवा की, सगळ्या महाराष्ट्राला मिळतील. मला ते पटत नाही. नागपूरचा मुलगा वेगळे म्हणेल, मालवणची मुलगी आणखी वेगळे. पुस्तकी मराठी सगळ्यांना कळते, म्हणून सगळ्यांच्या पुड्यात तीच बरी. घरच्या चुलीवर मात्र घरची चव करावी, आणि सोर्स हाताशी असल्यामुळे ती करता येते. आणि हो, चिमीच्या वहीत मी अजूनही ‘पाणी’च लिहून घेते. परीक्षेत ते लागते, हे तिलाही ठाऊक आहे. बोलताना मात्र आता मी थांबवत नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण तीन आठवड्यांनी मुले रडकुंडीला येऊन म्हणाली, “बाई, पेंग्विन इसरला!” बघते तर काय, तो पुन्हा पुस्तकी बोलत होता. चूक माझीच. आदल्या दिवशी मी शहाण्यासारखे ‘अ‍ॅप्ट अपग्रेड’ करून ठेवले होते. आम्ही बांधलेल्या पॅकेजवर आणि भांडारातल्या पॅकेजवर एकच क्रमांक होता, आत माल वेगळा. अ‍ॅप्टने भांडारातले खरे धरले आणि आमचे बाजूला सारले.

भाच्याला पुन्हा फोन. त्याने दोन उपाय सांगितले. एक, बांधण्याआधी आपल्या पॅकेजच्या क्रमांकाला आपले शेपूट जोडायचे. आम्ही इंग्रजी अक्षरांत ‘शाळा १’ जोडायचे ठरवले. दोन, बसवल्यावर अ‍ॅप्टला ‘होल्ड’ म्हणून सांगायचे, की याला मी सांगेपर्यंत हात लावू नकोस. पण मग टक्स पेंटमध्ये पुढे होणाऱ्या दुरुस्त्याही आपोआप येणार नाहीत, त्या आल्या की आपणच पुन्हा बांधायचे. आपल्या हाताने केले की निगाही आपल्याच गळ्यात, दुसरे काय!

शेपूट जोडायचा हुकूम दिला की एक नोंदवही उघडते. प्रत्येक डेबियन पॅकेजमध्ये ती असते. कोणत्या आवृत्तीत काय बदलले आणि का, हे बदलणाऱ्याने तिच्यात लिहायचे असते. पडद्यावर एक चांदणी आली आणि तिच्यापुढे जागा रिकामी होती. आधीच्या साऱ्या नोंदी इंग्रजीत, कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी केलेल्या.

“काय लिहायचं?” मी विचारले.

चिमी खुर्चीवर बसली. एका बोटाने, एकेक कळ शोधत तिने लिहिले: ‘पेंगविन आमच्यावानी बोलाया पायजे म्हनून.’ मग शेवटी पूर्णविराम दिला, माझ्याकडे बघितले आणि सेव्ह केले.

बांधणी सुरू झाली, तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा वाजली.